आप्पांच्या अबोल्याची तपासणी

माझ्या आईवडिलांच्या एका भांडणाचा निकाल शेवटी मायक्रोस्कोपखाली लागला. हे सांगितलं की लोक हसतात. मलाही हसू येतं, पण आधी थोडा राग येतो, कारण त्या भांडणात निरोप पोचवायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं आणि दोन्ही बाजूंनी बोलणी मलाच बसली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटसजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. उसाच्या रसाचे नमुने तपासणं ही त्यांची नोकरी आणि रुसणं हा छंद. साधंसुधं रुसणं नव्हे. आई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली की ह्यांना साधी बाजाराची पिशवी नीट धरता येत नाही, तर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडल्यापासून हंगाम संपेपर्यंत हा माणूस तिच्याशी बोलला नाही. शेवटी कपाटाची किल्ली सापडेना म्हणून "अगं, किल्ली कुठंय?" असं विचारावं लागलं आणि आई जिंकली. आमच्या घरातला नियमच तो होता. जो पहिला बोलेल तो हरला.

आई हरणाऱ्यातली नव्हतीच. आप्पांनी अबोला धरला की तीही धरायची आणि सगळा कारभार माझ्यामार्फत चालायचा. मी दहावीचं गणित सोडवत बसलेली. आतून आवाज यायचा, "तुझ्या बापाला सांग, दूध नासलंय." बाहेरून यायचा, "तुझ्या आईला सांग, कोरा चालंल." घर दोन खोल्यांचं, मधलं दार सताड उघडं, आणि तरी मी उठून सांगायला गेले नाही तर दोघंही माझ्यावर डाफरायचे. पुढे लग्न होऊन मी शिरूरला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले, आणि माझं काम म्हशीकडे गेलं. आई गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, "वाढलंय गं बाई, गार व्हतंय." आप्पा उठून पानावर येऊन बसायचे. म्हशीला माझ्यापेक्षा कमी त्रास झाला असणार.

आप्पा रिटायर झाले आणि एक दिवस फटफटीला टायर बघायला यवतला गेले. यवत आमच्याहून पुण्याच्या अंगाला. दुपारी ते सापडले दौंड स्टेशनच्या बाकावर, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. फटफटी बाहेर स्टँडला नीट लावलेली होती. कसे आलात विचारलं तर म्हणाले, "रस्ता बदललाय लोकांनी." ते पुन्हा भरकटू नयेत म्हणून आईनं कुणाला काही न विचारता ती फटफटी तिच्या भावाला, माझ्या शिरूरच्या मामाला, देऊन टाकली. आप्पांना कळलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि ते काहीच बोलले नाहीत म्हटल्यावर आईनं ओळखलं की हंगाम सुरू झाला.

पहिले काही महिने अबोला नेहमीच्या वळणाचा होता. मग तो बिघडला. आप्पा बोलायला लागले, पण आईला "मावशी" म्हणायला लागले.

"मावशी, जरा पाणी द्या की."

आईनं पाण्याचा तांब्या आपटला आणि शेजारच्या घरी जाऊन मला फोन केला. "ह्यो नवा प्रकार काढलाय तुझ्या बापानं. बोलायचं बी आन् बोललं न्हाई असं बी करायचं. मी मावशी व्हय त्याची? एवढी वर्षं भाकऱ्या थापल्या त्या मावशीनं व्हय?"

मी म्हणाले, "आई, त्यांना बरं नसेल."

"तुला काय ठावं. आख्खा हंगाम गप बसलेला माणूस हाय त्यो. त्याला समदं कळतंय."

खरं सांगायचं तर मलाही तिला खोडता येईना. मामा फटफटीवरून आला की आप्पा अंगणात येऊन टाकीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "ही माझी हाय." आई लगेच माझ्याकडे बघायची. फटफटी ओळखतो आणि बायको नाही? रसाच्या टक्केवारीचं गणित ते तोंडी करायचे. जुन्या शिफ्टमधल्या माणसांच्या खोड्या सांगायचे. फक्त घरात वावरणारी ही बाई कोण, एवढंच त्यांना सांगता येत नव्हतं. रुसवा कुठं संपला आणि आजार कुठून सुरू झाला, तो जोडच कुणाला दिसेना.

मग आईनं आपला निर्णय केला. ज्या दिवशी हा माणूस "अगं" म्हणेल त्या दिवशी मी बोलेन. तोवर खाऊपिऊ घालीन, अंघोळ घालीन, पण शब्द काढणार नाही. मावशीशीच बोलायचं असेल तर खुशाल मावशीशी बोला म्हणावं. मी तिच्यावर ओरडले, पाया पडले, शाळेत पोरांना दाखवतो तो सगळा धाक दाखवला. ती म्हणाली, "सुरुवात कुणी केली?" या प्रश्नावर आमच्या घरात आजवर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

शेवटी मी दोघांना पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी आप्पांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आप्पांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला, गर्दी करून बसवले. बाई म्हणाल्या, हा विसरण्याचा आजार असावा, मेंदू हळूहळू सुकतो, माणसं ओळखू येईनाशी होतात.

आई भिंतीकडे बघून म्हणाली, "असावा म्हंजी? नक्की सांगा. का मुद्दाम करतात?"

बाई म्हणाल्या, "लक्षणांवरून तसंच वाटतंय आजी. पण अगदी नक्की मेंदू प्रत्यक्ष तपासल्यावरच कळतं. म्हणजे माणूस गेल्यावर." मग त्यांनी चाचरत सांगितलं की दक्षिणेतल्या एका शहरात मेंदूंची बँक आहे. लोक मरणानंतर मेंदू देतात, तिथे तो जपून ठेवतात, पातळ काप करून तपासतात, पुढे संशोधनाला वापरतात. मेंदू इथेच काढून तिकडे पाठवायची सोय त्या करू शकतील. घरच्यांना निकालही कळवतात.

मी आप्पांकडे बघितलं, म्हटलं आता हे घाबरणार. आप्पा एकदम ताठ बसले. लॅबमधल्या पोरांशी बोलायचे तो जुना आवाज आला. "बराबर हाय मॅडम. उसाच्या ट्रॉलीकडं नुसतं बघून साखरेचा उतारा सांगता येत न्हाई. सॅम्पल काढावं लागतं. घ्या माझं."

"आत्ता नाही आप्पा."

"मग कवा?"

"तुमच्या पश्चात."

"बरं, मग तवा घ्या. पण ताजं घ्या. शिळ्या रसाचा रिपोर्ट खोटा येतो."

बाईंना हसावं की काय करावं कळेना. म्हणाल्या, "अगदी बरोबर. काही तासांत पोचलेलं चांगलं."

आई अजून भिंतीकडेच बघत होती. "उघडाच म्हणावं," ती म्हणाली, "आन् काय घावतंय ते मला सांगा. मला एवढंच पायजे." माझ्या माहितीत विज्ञानाला मदत करायला इतक्या रागानं कुणी तयार झालं नसेल. घरी आल्यावर तिनं माझ्याकडून बाईंचा फोन नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मोठा लिहून घेतला, गॅस सिलिंडरच्या नंबराखाली.

पुढची वर्षं दोघं तशीच राहिली. आप्पा बोलत होते आणि आई गप्प होती. ते घरातून निघून पाटसच्या फाट्यावरच्या रसवंतीपर्यंत चालत जायचे, चरक बघत उभे राहायचे. आई मागोमाग, चार हात अंतर ठेवून. मग ते तिलाच विचारायचे, "मावशी, घरला कसं जायचं?" ती काही न बोलता पुढे चालू लागायची आणि ते मागून यायचे. रसवंतीवाला मला म्हणाला होता, "ताई, तुमची आई बोलत का न्हाई त्यांच्याशी? एवढा गोड बोलतो म्हातारा." मी काय सांगणार, कप्पाळ?

आणि ते खरंच गोड बोलायचे. एकदा आईचा फोन आला, आवाजात राग होता आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. "आज काय म्हणला म्हाईतीय? म्हणला, मावशी, माझी बायको लई कडक हाय, पण तिच्या हातच्या भाकरीची सर कुणाला न्हाई. आडून आडून बोलतोय बघ. तोंडावर बोलायला काय हुतंय त्याला?"

"मग तू बोल की पहिली," मी म्हणाले.

"मी न्हाई बोलणार."

फोन मी आपटला. तिनंही आपटला असणार, पण माझा आधी आपटल्यामुळे ऐकू आला नाही.

आप्पा गेले ते मे महिन्यात. सुट्टी होती म्हणून मी आणि माझा नवरा तिथेच होतो. सकाळी आईनं चहा दिला. आप्पा म्हणाले, "मावशी, आज चहा झ्याक झालाय." आई काही बोलली नाही. ती कप विसळून आली, तोवर आप्पा बाजेवर भिंतीला टेकलेले होते आणि झालेलं होतं. तिनं त्यांच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. मी रडायला लागले. ती मला म्हणाली, "रडशील मागनं. भिंतीवरचा नंबर लाव."

बाई म्हणाल्या, लगेच आणा, डोकं बर्फात ठेवा. मेच्या उन्हात बर्फ कुठला? रसवंतीवाल्यानं लादी दिली, वर भुसा झटकून दिला. पलीकडचे टेम्पोवाले चाचा पहाटे पुण्याच्या मार्केटला झेंडू टाकून नुकतेच परतले होते, अजून चहासुद्धा घेतला नव्हता. मी सांगायला गेले तर त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आप्पांसाठी व्हय? चला." गावातले डॉक्टर येऊन बघून गेले आणि माझा नवरा, जो कधी कुणाच्या मयतीत पुढे होत नाही, तो उशाला बर्फ धरून टेम्पोत बसला. हौद्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. त्या झाडायला वेळ नव्हता. आप्पा तसेच निघाले.

आता आमच्याकडची रीत अशी की शेवटचं तोंड बघितल्याशिवाय पाहुणे मयत हलू देत नाहीत. भाऊबंद, लेकी, बायकोच्या माहेरचे, सगळे यायचे, मग उचलायचं. त्यात दिवस जातो. आईनं ही रीत उलटी केली. आधी पुणं, मग पाहुणे. आणि पाहुणे तर फोन जाईल तसे निघालेलेच होते.

बायकांची रीत अशी की वेशीपासून नाही तरी निदान फाटकापासून हंबरडा फोडत यायचं. पहिली आली आप्पांची चुलत बहीण. "माझ्या दादा रं" म्हणत, पदर तोंडाला लावून ती तशीच धावत आत शिरली आणि रिकाम्या बाजेसमोर येऊन थांबली. हंबरडा अर्ध्यातच राहिला. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"दादा कुठाय?"

"पुण्याला गेलेत," आई म्हणाली. "येतील इतक्यात."

वर्षानुवर्षं ती दारात आलेल्या माणसाला हेच सांगत आली होती. आप्पा लॅबच्या कामाला पुण्याला गेले की हाच सूर. आत्या बसली. तिला पाणी दिलं. दुसरी आली, तिसरी आली, दर वेळी फाटकापासून आरोळी आणि बाजेपाशी शांतता. बसलेल्या बायकाच मग नवीन येणारीला सांगू लागल्या, "दमानं गं, अजून आले न्हाईत." पुरुष बाहेर लिंबाखाली बसले होते. एका म्हाताऱ्या बाबांनी मला बोलावून विचारलं, "कोणत्या गाडीनं येणारेत?"

मामा शिरूरहून न्हावरे, चौफुला करत फटफटीवरून आला आणि त्यानं मात्र आवाज चढवला. माझ्यावरच. "शाळा शिकून ह्ये केलं व्हय? बापाचं डोकं वाटायला काढलं? बिनडोक्याचा माणूस वर जाऊन काय करंल?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "खाली जे करत हुते तेच वर करतील. तू बस. आन् फटफटी उन्हात लावू नको, त्यांना चालायचं न्हाई."

मामा बसला. फटफटी उठून सावलीत लावून आला आणि परत बसला.

दुपार कलताना टेम्पो आला. तेव्हा मात्र जे झालं त्याला शोक म्हणता येणार नाही. लोक ओळीनं आले, वाकले, आणि प्रत्येकानं आधी आप्पांचं डोकं बघितलं, मग हात जोडले. नवऱ्यानं त्यांना टोपी घालून आणलं होतं. चेहरा होता तसाच, उलट झोप झाल्यासारखा. कुणाला काही सापडलं नाही म्हणून जरा निराशाच पसरली. तेच म्हातारे बाबा म्हणाले, "काय बी झालेलं न्हाई. हाय तसंच हाय." मग कुठं आत्याला आठवलं आणि तिनं राहिलेला हंबरडा पुरा केला. चाचा टेम्पोला टेकून उभे होते, सकाळपासून उपाशी. त्यांचे डोळे भरलेले होते.

आई रडली नाही. सगळं उरकल्यावर मला म्हणाली, "कवा कळंल?" मी म्हणाले, वेळ लागतो, मेंदू आधी औषधात मुरू द्यावा लागतो. "मुरू दे," ती म्हणाली. पण दर आठवड्याला तिचा फोन. "आलं का त्यांचं?" एखाद्या पोराच्या बारावीच्या निकालासारखं ती विचारायची. मी चिडायचे, मग फोन ठेवून रडायचे.

दिवाळीच्या आधी बाईंनी बोलावलं. तिकडच्या बँकेनं निकाल कळवला होता आणि थोडे फोटोही पाठवले होते. बाईंनी आम्हाला समोर बसवलं. फोटोत गुलाबी, निळं, तपकिरी काहीतरी होतं. हे डाग, त्या म्हणाल्या, आणि हे पेशींच्या आतले गुंते. विसरण्याचाच आजार, शंका नाही. नमुना उत्तम अवस्थेत पोचला, फार उपयोगी पडेल. मला आप्पांचा एकदम अभिमान वाटला. त्यांना हे ऐकायला फार आवडलं असतं.

आई फोटोकडे बघतच नव्हती. ती पुढे सरकून बसली होती, पदर घट्ट धरून. "म्हंजी मुद्दाम न्हवते करत."

"नाही आजी. आठवणींची जी जागा असते, ती त्यांच्याकडे जवळजवळ उरलीच नव्हती. शेवटची कितीतरी वर्षं तुम्ही कोण हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं."

"रुसले बी न्हवते."

"रुसायचं तर कशावरून रुसलो ते ध्यानात राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला असतीलही. नंतर नाही."

मला वाटलं, सुटली बिचारी. इतक्या वर्षांचा काटा निघाला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईनं बाईंना नमस्कार केला आणि ती उठली. खाली आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि मनाशी हिशेब केल्यासारखं म्हणाली, "त्ये तर कवाच बोलले की गं. पाणी द्या म्हणले त्याच दिशी बोलले."

"हो आई."

"चांगलंच बोलायचे. रोज बोलायचे."

"हो."

"मग गप कोण हुतं?"

वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी मी, तिच्याशेजारी तिथंच पायरीवर बसले. तिनंच माझा हात धरून मला उठवलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हडपसर मागं पडलं, गर्दी जरा ओसरली. तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अहो." मला वाटलं, बाहेर कुणी ओळखीचं दिसलं. मी वाकून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

"अहो, विहिरीची मोटार जळली हुती, तुमाला सांगितलंच न्हाई. आन् तुमच्या थोरल्या भैनीच्या नातीचं लगीन झालं. तुमी जेवला हुता तिथं, पर कुणाचं हाय ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई. आन् चाचाच्या पोराला रेल्वेत नोकरी लागली, दौंडालाच." एकामागून एक ती सांगत होती, कुठं काही विसरू नये म्हणून बोटं मुडपत, हळू आवाजात. यवत आलं, गेलं. कंडक्टर आला, तिच्याकडे बघून जरा थबकला आणि माझ्याकडे वळला.

"दोन पाटस," मी म्हणाले, आणि तिचं बोलणं मोडू नये म्हणून पैसे हळूच पुढे केले.